वकिलाची बांधी

वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये असा नियम आहे. मी नियम पाळणारा माणूस असल्यामुळे माझी जाहिरात टोपणनावाने करत असे.

मोबाईलवर माझं एक पान होतं. कोर्टाच्या आणि तहसीलच्या व्हरांड्यात दिवसभर जे कानावर पडे, त्याला झणझणीत फोडणी देऊन मी ते संध्याकाळी त्या पानावर वाढत असे. टोपणनाव इतकं गुप्त ठेवलं होतं की समोरचा चहावाला मला त्याच नावाने हाक मारी आणि बायको रागावली की तीही. वाचक तर विचारू नका. मी काही लिहिलं की गोंदिया स्टेशनात गाड्या खोळंबत, कारण सिग्नलवाला वाचत बसलेला असे. बिरशीच्या विमानशाळेतली शिकाऊ पोरं हवेत असताना वाचत आणि हसू फुटलं की विमान धानावर डुगडुगे. खालचे शेतकरी म्हणत, वारा सुटला. हे मी त्या पानावरही लिहिलं होतं आणि शपथेवरही सांगू शकतो. शपथेवर मी बरंच काही सांगितलेलं आहे.

लिहिताना एक नीतिनियम मात्र मी काटेकोर पाळी. कोणाचं नाव घ्यायचं नाही. पक्षकाराचं नाही, गावाचं नाही, साहेबाचं नाही. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो त्या सिनियरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पक्षकाराने सांगितलेलं आपल्या कोटाच्या आत राहिलं पाहिजे, बेटा." मी ते मनापासून मानत होतो. नाव कोटाच्या आत ठेवत होतो, बाकीचं बाहेर वाळत घालत होतो.

या नियमाला एक भोक होतं, आणि ते आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला तरी दिसायला हवं होतं. आमच्याकडे नावाने कोणी कोणाला ओळखतच नाही. नाव असतं मतदार यादीसाठी. माणूस ओळखला जातो तो त्याच्या प्रकरणावरून. 'ज्याचा जावई मांडवातूनच मोटरसायकल घेऊन गेला तो.' 'ज्यानं मंडईच्या जत्रेतल्या नाटकात राजा होऊन स्टेज मोडला तो.' एकदा समन्स घेऊन आलेला बेलिफ नाव विचारत तीन दिवस एका गावात फिरला. तिसऱ्या दिवशी कळलं, तो ज्याच्या घरी जेवत होता तोच प्रतिवादी. त्या बिचाऱ्यालाही कागदावरचं ते नाव आपलंच आहे हे ओळखू आलं नव्हतं. अशा मुलखात नाव लपवून प्रकरण सांगणारा मी, म्हणजे टोपी काढून भर चौकात उभा राहून 'आता मी दिसतो का?' असं विचारणारा माणूस.

तर रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधीचे दिवस होते. एक बाई माझ्या टेबलाशी आली. साठी ओलांडलेली, एकटी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तीन बांध्यांची मालकीण. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला धानाचा तुकडा. तीन बांध्या म्हणजे फार नाही, पण तिच्या होत्या. मी तिला पाहताक्षणी ओळखलं. हिच्या बकरीने तलाठ्याच्या टेबलावरचा सातबारा खाल्ला होता. अख्खा, शिक्क्यासकट. असं म्हणतात की पुढे सहा महिने कोणी नक्कल मागायला आलं की तलाठी त्याला बकरीकडे पाठवी.

"वकील साहेब, वरच्यानं माहं पानी बंद केलं," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"वरचा म्हणजे कोण, मावशी?"

"वरच्या बांधीवाला जी. धुऱ्याले तोंड होतं, तेथून पानी माह्या बांधीत उतरे. माह्या सासऱ्याच्या टायमापासून उतरे. त्याच्यात त्यानं मुरूम भरला. म्हनते, ट्रॅक्टर न्याचा हाय."

"दुसरीकडून पाणी येत नाही?"

"दुसरीकडून आलं असतं तं मी तुमच्याकडे कायले आली असती?"

शेताचं पाणी किंवा वाट कोणी अडवली तर तहसीलदारापुढे दावा चालतो. मी कागद पुढे ओढला. पण ती काही कागदाकडे बघेना. इकडेतिकडे पाहून खाली वाकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "एक गोठ हाय. कोनाले सांगा नोको."

"मावशी, वकिलाला सांगितलेलं विहिरीत टाकल्यासारखं."

"परे आठ दिवसाचे झाले." परे म्हणजे धानाची रोपं, ती एका कोपऱ्यात दाट वाढवायची आणि मग उपटून चिखलात रोवायची. "बावीस दिवसापर्यंत मानतात. त्याच्यावर गेले तं फुकट. तोवर पानी नाई आलं, तं तिन्ही बांध्या त्यालेच बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकीन. आता अंगात भांडन नाई राहिलं. तो तं तेच पाहून राहिला. पन त्याले हे कळलं नाई पायजे. त्याच्यापुढे मी वाघीनच हाव."

मी मान डोलावली. दावा लिहिला, दुसऱ्या दिवशी दाखल केला. आणि त्याच संध्याकाळी बोटं शिवशिवली. वाघिणीची ती गोष्ट इतकी नामी होती की पोटात ठेवली असती तर मला अपचन झालं असतं. लिहिलं: 'तहसीलपुढे वाघीण, वकिलापुढे शेळी. बावीस दिवसांपर्यंत डरकाळ्या, तेविसाव्या दिवशी बांध्या बटईला.' वर थोडं मीठमसाला, खाली हसणारी दोन तोंडं. नाव? छे! नाव मी कशाला घेतो? वाचकांना चित्र डोळ्यापुढे यावं म्हणून एवढंच लिहिलं की या बाईंच्या बकरीने सातबारा खाल्लेला आहे.

पान पेटलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यात एक अंगठा आमच्या तहसीलदारांचा होता. साहेब पश्चिम महाराष्ट्रातून नुकतेच बदलून आलेले, सज्जन, आणि इथे करमत नसल्यामुळे माझे निष्ठावंत वाचक. एका अधिकाऱ्याने आपल्याला अंगठा दिला याचा मला इतका अभिमान वाटला की त्या अधिकाऱ्यापुढेच हा दावा चालायचा आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सुनावणी लागली तेव्हा परे बारा दिवसांचे होते.

वरच्या बांधीवाल्याचा वकील कोण, तर माझे सिनियर. म्हातारा गोंदियाचा, अर्धं बोलणं हिंदीत, आणि तारीख मागण्यात आख्ख्या विदर्भात जोड नाही. त्यांच्या एका आत्याबाई होत्या. त्या मी वकिलीत आल्यापासून नऊ वेळा वारल्या होत्या आणि दर वेळी नेमक्या सुनावणीच्या आदल्या दिवशी. आदल्या दिवशी त्या दहाव्यांदा वारल्या होत्या.

"साहेब, चौदा दिन दे दीजिए," सिनियर गहिवरून म्हणाले. "तेरा दिवसांचं सुतक, और एक दिन का थकवा."

मी उठून हरकत घेतली. मनात मात्र हिशेब चालला होता. बारा आणि चौदा, सव्वीस. हा म्हातारा एरवी महिनाभराच्या खाली तारीख मागत नाही. आज चौदाच का मागतो?

तहसीलदार साहेब कागद चाळत होते. वर पाहून त्यांनी माझ्या पक्षकाराकडे नजर टाकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. "काय बाई," ते अगदी प्रेमाने म्हणाले, "बकरी बरी आहे ना?"

मी फाईलमध्ये डोकं घातलं. सिनियर खोकल्यात हसले. साहेब 'जेवणानंतर बघू' म्हणून उठले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर बाईने माझ्या कोटाची बाही धरली.

"हा साहेब परवा येथी आला. याले माह्या बकरीचं कोनं सांगतलं?"

वकिलाला अशा वेळी बत्तीस उत्तरं सुचतात. मला एकतीस सुचली. बत्तिसावं खरं होतं, तेच तोंडातून निघालं. मोबाईल काढून मी तिला ते सगळं पान वाचून दाखवलं, विमानापासून हसणाऱ्या तोंडांपर्यंत.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भिंतीला टेकून जेवणाचा डबा उघडला, भाताचा एक घास केला, आणि तो हातातच धरून म्हणाली, "काऊन रे? मी तुले सांगतलं का जिल्ह्याले सांगतलं?"

'साहेब' गेलं होतं. 'तुमी' गेलं होतं.

"मी नाव नाही घेतलं, मावशी."

"नाव घेतलं असतं तं कोनाले कळलं असतं?"

माझ्या आयुष्यभराच्या नीतिनियमाला इतक्या थोडक्यात कोणी निकालात काढलं नव्हतं. वरच्या कोर्टाने याला निदान वीस पानं घेतली असती.

घास खाऊन झाल्यावर तिचे डोळे बारीक झाले. "तो म्हातारा तुहं वाचते ना?"

"वाचतात."

"मंग आता आनखी एक लिही. लिही का बुढीनं दुसरे परे टाकले. आता दोन महिने हालत नाई म्हनते. मंग तो चौदा दिवस घेऊन का करीन?"

काय डोकं! असल्या डोक्याचा माणूस वकिलीत असता तर मला चहाचं दुकान टाकावं लागलं असतं. डाव बिनतोड होता. मी मोबाईल घेतला आणि झपाझप लिहून काढलं: वाघीणबाईंनी दुसरी रोपं टाकली, आता दिवाळीपर्यंत लढाई. खोटं लिहायला मला कधी कष्ट पडत नाहीत. चोरखमाऱ्याच्या तलावात जेवढं पाणी असेल त्याहून जास्त थापा मी त्या पानावर ओतल्या होत्या, फुकट आणि हौसेने. आज पहिल्यांदाच कोणी कामाची थाप मागितली होती. बोट बटणावर गेलं.

आणि नेमकं समोर दिसलं. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर सिनियर बसले होते. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाला लावलेला. दर घोटाला बोटाने पान खाली ओढून बघत होते, नवं काही आलं का. हसायला नव्हते बसले. दाव्यातला कागद वाचावा तसे वाचायला बसले होते. माझं गमतीचं पान माझ्या नकळत केव्हाच दाव्याला जोडलं गेलं होतं. आता त्यावर मी जे टाकीन ते थाप म्हणून कोणी वाचणार नव्हतं. आणि चालू दाव्यात खोटा कागद घालायचा नाही, हेही मला त्याच म्हाताऱ्याने शिकवलं होतं.

मी लिहिलेलं पुसलं.

"काऊन?" तिने विचारलं.

"हे नाही जमणार, मावशी."

"विमान पाडाले जमते, अना माह्यासाठी दोन ओळी नाई जमत?"

"त्या विमानाने कोणी तारीख मागत नाही," मी म्हणालो. मग तिला समजावून सांगितलं. मी आत जाऊन साहेबांना खरं सांगू शकतो, की तिने विश्वासाने सांगितलेलं मीच फोडलं आणि त्याच्याच जोरावर समोरचा तारीख मागतो आहे. पण साहेबांनीही तो लेख वाचून अंगठा दिलेला. ते म्हणतील, आता हे प्रकरण मी चालवणं बरं नाही. मग फाईल दुसऱ्याकडे जाईल. दिवस जातील.

"किती?"

"सांगता येत नाही."

"अना नाई सांगतलं तं?"

"आत्ताच चौदा दिवसांची तारीख पडेल. परे सव्वीस दिवसांचे होतील."

तिने बोटं चाटली आणि त्यांच्याच पेरांवर दिवस मोजले. हिशेब पाण्याचा होता आणि तो तिला माझ्याहून चांगला येत होता.

"मंग सांग," ती म्हणाली. "पन बकरीचं नोको. मले नाव हाय. तिन्ही बांध्या त्याच नावावर हाय. नाव घेऊन सांग."

जेवणानंतर मी उभा राहिलो. नाव घ्यायचं म्हणून तोंड उघडलं आणि थबकलो. मला ते आठवेना. मीच दावा लिहिला होता, वकीलपत्र मीच भरलं होतं. पण डोक्यात नुसती बकरी. फाईल उघडून, बोट ठेवून, मला माझ्या पक्षकाराचं नाव वाचावं लागलं. वाचलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. मग बाकीचं सांगितलं. इथे मी एकही थाप मारली नाही, म्हणून ते ऐकायला फार नीरस होतं.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. "वकीलसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "हे रोजनाम्यावर घ्यायचं म्हणजे माझंही घ्यावं लागेल."

"होय साहेब."

"मी तो मजकूर वाचला होता. आणि..." त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. कारकून लेखणी धरून थांबला होता. असली गोष्ट सरकारी मराठीत कशी लिहितात हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्याने लिहिलं की पीठासीन अधिकाऱ्यांनी सदर मजकुरास पसंती दर्शविली असल्याने प्रकरण अन्य अधिकाऱ्याकडे वर्ग करण्याची विनंती करण्यात येत आहे, आणि वादीच्या पिकाची निकड पाहता ते तातडीने व्हावे. 'तातडीने'च्या खाली साहेबांनी स्वतः रेघ मारली. सज्जन माणूस. त्या दिवसानंतर त्यांनी कोणाला अंगठा दिल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांच्या सौभाग्यवतींच्या पाककृतींनाही नाही, असं ऐकतो.

बाहेर सिनियर भेटले. मला वाटलं, शरमतील.

"बेटा," ते म्हणाले, "तूने दरवाज़े पे रखा, मैंने उठाया. मी चोरी नाही केली."

"सर, कोटाच्या आत राहिलं पाहिजे, हे तुम्हीच शिकवलं होतं."

"अपने कोट के अंदर. दूसरे के कोट का मैंने कब बोला था?" आणि आत्याबाईंच्या तेराव्याला मला जेवायचं आमंत्रण देऊन गेले.

फाईल एसडीओंकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे, गेली, तिथून दुसऱ्या तहसीलदारांकडे आली. 'तातडीने'च्या खाली रेघ होती, म्हणून ती सरकारी बैलगाडीऐवजी सरकारी सायकलीवरून आली. मी रोज तिच्यामागे पळत होतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ती मी स्वतः उचलून नेली असती, पण तेवढी नीती एव्हाना मला कळायला लागली होती. विसावा दिवस गेला. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी मी तिच्या गावाला गेलो, बांध्या बटईने देऊन टाकल्या का ते विचारायला.

ती परे टाकलेल्या कोपऱ्यात उभी होती. रोपं गुडघ्याला लागत होती.

"नाई दिल्या," ती म्हणाली. "आता साऱ्या जिल्ह्याले माहीत हाय का मी तेविसाव्या दिवशी देनार. मंग कशी देऊ?"

पंचविसाव्या दिवशी नवे साहेब स्थळपाहणीला आले. धुऱ्यावर चढले, मुरमात काठी खुपसली, जुन्या तोंडाचे दगड खाली तसेच लागले. जागेवर हुकूम झाला. मुरूम निघाला आणि पाणी उतरलं. वरचा बांधीवाला तोंड फिरवून ट्रॅक्टरकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी रोवणी. पण म्हातारी झालेली रोपं एकेक रोवून चालत नाही. जास्त काड्यांचा जुडगा करून रोवावा लागतो, तेव्हा कुठे थोडंफार पीक येतं. दोन बांध्या भरल्या आणि परे संपले. तिसरी, रस्त्याला लागून असलेली, तशीच राहिली. पाणी भरलेली, रिकामी. मी म्हणालो, कुठून तरी परे आणतो, माझ्यातर्फे. ती म्हणाली, "राहू दे. ते बांधी आता तुही."

ते पान मी बंद केलं. हा मजकूर लिहायच्या आधी तिच्या घरी गेलो. दारात तिने धान मोजायची पायली पुढे केली. माझा मोबाईल आता तिच्या घरी आधी पायलीत जातो, मग मी आत. सगळं वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, लिही, पण बकरी बदल. म्हणून बदलली आहे. ती बकरी नव्हती आणि तिने जे खाल्लं तो सातबारा नव्हता. कोणी शोधत बसू नये.

त्या वर्षी दोन बांध्यांत धान झालं, बेताचंच. तिसरीत गवत आणि बगळे. येणारा-जाणारा विचारी, ही कोणाची पडीत? ती सांगे, वकिलाची. पुढल्या वर्षी वेळेवर पाणी आलं, वेळेवर परे झाले आणि तीही भरली. नाव काही गेलं नाही.

मी आता तालुक्याला बसने जातो तेव्हा कंडक्टर त्या वळणावर आवाज देतो, "वकिलाची बांधी!" गेल्या आठवड्यात माझ्या शेजारी एक परका माणूस होता. त्याने विचारलं, "कोन वकील जी?"

कंडक्टरने तिकिटाचं मशीन काखेत मारलं, दांड्याला टेकला, आणि पुढचा थांबा येईपर्यंत सगळं सांगितलं. पान, वाघीण, अंगठा, सव्विसावा दिवस. मी खिडकीबाहेर बघत होतो. माणूस पोट धरून हसला. नाव मात्र कंडक्टरने एकदाही घेतलं नाही.